डावा तुकडा

कॅमेऱ्याच्या कार्डात देखाव्याचे दोनच तुकडे होते, मधला आणि उजवा. मला वाटलं कार्ड गंडलं, नाहीतर उतरवून घेताना मीच काहीतरी घोळ घातला. मग पुढचा देखावा उघडला, त्यातही मधला आणि उजवा. त्याच्या पुढचा, धुक्यातला, तोही तसाच. सगळ्यांत पाणी होतं, पाण्यापलीकडचे डोंगर होते, उजवीकडे उतरत गेलेली झाडी होती, आणि ज्या धरणाच्या भिंतीसाठी आम्ही मरमर करून तिथे गेलो होतो ती भिंत कुठेच नव्हती. पाणी आपलं मधूनच सुरू होत होतं. स्वयंपाकघरातून नवऱ्याचा आवाज आला, "झालं का गं जोडून?" मी म्हटलं, "डावा कुठाय?" "कुठला डावा?" "अरे, डावा तुकडा. एकाही देखाव्याचा डावा नाहीये." तो चहाचा कप घेऊन आला, माझ्या खुर्चीमागे उभा राहिला, पडद्याकडे बघितलं आणि म्हणाला, "हे काय, अख्खं तर आहे! चष्मा बदल तुझा." मी चिडून मागे वळले. तो थट्टा करत नव्हता. तो नीट बघत होता आणि त्याला खरंच अख्खं दिसत होतं.

आमचं काम काय ते आधी सांगते. हा लांबलचक देखावे काढतो. ऑफिसांच्या, इस्पितळांच्या भिंतींवर या टोकापासून त्या टोकापर्यंत लावतात ना, तसले. लोकांना वाटतं, कॅमेरा गोल फिरवायचा की झालं. तसं केलं की सरळ भिंतीला पोक येतं. याची लेन्स सरकणारी आहे. कॅमेरा तिपाईवर गच्च बसवायचा, पाणसळीतला बुडबुडा मधोमध आणायचा, आणि मग बाजूचा स्क्रू फिरवून फक्त लेन्स सरकवायची. आधी डावीकडे, मग मध्ये, मग उजवीकडे, आणि दर वेळी एक फोटो. शिवाय ही लेन्स मान झुकवते. जराशी खाली झुकवली की पायाजवळच्या गवतापासून लांबच्या डोंगरापर्यंत सगळं सारखंच स्वच्छ येतं. घरी आल्यावर ते तीन तुकडे मी जोडते. हा काढतो, मी शिवते. सासूबाई लोकांना सांगायच्या, सून घरबसल्या शिवणकाम करते, आणि मी काही त्यांना दुरुस्त करायला गेले नाही. तुकडा संपतो कुठे आणि दुसरा सुरू होतो कुठे, हे भिंतीवर कुणाला सापडता कामा नये, एवढंच माझं कसब. ढग हललेले असतात, गवत हललेलं असतं, एखादी गाय मधल्यात अर्धी आणि उजव्यात पूर्ण असते. तिला मी निवांत पुसून टाकते. पण जो तुकडा काढलेलाच नाही तो कुठून आणू?

त्या दुपारी जेवायला वाढलं. पाव आणि अंडं उजवीकडे, भाजी डावीकडे. तो जेवला, ताट पुढे सरकवलं आणि म्हणाला, "आज भाजीला सुट्टी वाटतं?" भाजी ताटात तशीच होती, वाढली तशी, वाफसुद्धा गेली नव्हती. मी हात लांबवून ताट अर्धं फिरवलं. तो म्हणाला, "अरे वा, आत्ता आणलीस?" आणि खायला लागला. तेव्हा मला आठवलं की गेले काही दिवस तो दाराच्या चौकटीला खांदा घासत चालत होता, आणि मी म्हणत होते, म्हाताऱ्या, जरा नीट चाल. मला आठवलं की डाव्या गालावर दाढीचे खुंट राहत होते आणि मी आळशी म्हणून त्याला फैलावर घेतलं होतं. तीस वर्षांच्या संसारात माणूस इतका पाठ होतो की त्याच्याकडे बघायचं राहूनच जातं. मी हात धुतले आणि त्याला म्हटलं, "चपला घाल. दवाखान्यात जाऊ या." "कुणाला काय झालंय?" त्यानं विचारलं.

डॉक्टर तरुण होती, केस वर बांधलेली, बोलायला गोड. तिनं तपासण्या केल्या, मेंदूचा फोटो काढवला, मग एका कोऱ्या कागदावर आडवी रेघ मारली आणि त्याच्या हातात पेन दिलं. म्हणाली, "काका, या रेघेचा मध्य दाखवा." मला हसू आलं. ज्यानं आयुष्यभर डोळ्यानं मध्य पकडला, ज्याला भिंतीवरचं कॅलेंडर केसभर तिरकं असलं तर घास उतरत नाही, त्याला ही पोरगी मध्य विचारते! त्यानंही माझ्याकडे बघून डोळा मारला. आणि मग अगदी ठामपणे, क्षणभरही न रेंगाळता, त्यानं रेघेच्या उजव्या टोकाजवळ खूण केली. पेनाचं टोपण लावलं आणि कागद परत दिला. मी त्या खुणेकडे बघत राहिले. डॉक्टर मला बाहेर घेऊन गेली. म्हणाली, मेंदूत उजव्या बाजूला एक छोटी गाठ अडकून गेली आहे, रक्ताची. डोळे ठणठणीत आहेत. पण डावी बाजू नावाची गोष्ट त्यांच्या जगात उरलेली नाही. दिसत नाही म्हणायलाही ती जागा असावी लागते, ती जागाच गेली आहे. मी विचारलं, परत येईल का? ती म्हणाली, "येते. पुष्कळांची येते. पण जी यायची ती पहिल्या काही महिन्यांतच. त्यानंतर जेवढं राहिलं तेवढं राहिलं. म्हणून त्यांच्या सोयीसाठी सगळं उजवीकडे आणून ठेवू नका. डावीकडूनच हाका मारा, डावीकडूनच वाढा, त्यांना शोधू द्या. डाव्या कडेला काहीतरी भडक लावा, लाल पट्टी वगैरे, म्हणजे नजर तिथे जाऊन थांबेल." मग म्हणाली, "तुम्ही दमाल. आधीच सांगते." दमायला आणखी काय शिल्लक आहे, असं मला विचारायचं होतं.

घरी आल्यावर मी सगळ्या दारांच्या डाव्या चौकटींना लाल पट्ट्या चिकटवल्या, ताटाच्या कडेला चिकटवली, आरशाला चिकटवली. घर म्हणजे नुसतं रस्त्याचं काम निघाल्यासारखं झालं. आणि मी डावीकडून हाका मारायला लागले. हाक डावीकडून आली की तो उजवीकडे वळायचा. रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणायचा, "काय गं?" मी म्हणायचे, "इकडे." तो आणखी उजवीकडे बघायचा. मग चिडायचा. "काय लपाछपी लावलीस! समोर येऊन बोलता येत नाही?" नणंद राहायला आली तेव्हा तर विचारू नका. भावावर जीव टाकणारी बाई, तिनं एका सकाळीत माझं सगळं उलटं केलं. त्याची खुर्ची फिरवली, ताट फिरवलं, स्वतः उजवीकडे ठाण मांडलं आणि त्याला चमच्यानं भरवायचंच तेवढं बाकी ठेवलं. मी म्हटलं, "वन्सं, डॉक्टरनं असं करू नका म्हणून सांगितलंय." तर म्हणे, "वहिनी, माणसाचा किती अंत बघशील? दादाला कळतं गं सगळं, पण वळत नाही. नाही वळत तर आपण वळावं." आणि तो तिच्याशी हसत बोलत होता, सुखात जेवत होता. ती गेली आणि मी खुर्ची पुन्हा होती तशी केली, तेव्हा त्यानं माझ्याकडे जे बघितलं, म्हणजे उजवीकडच्या भिंतीकडे जे बघितलं, त्यानं मला जीव नकोसा झाला. घरातली खाष्ट बाई मीच ठरले.

एक गोष्ट सांगायला मला लाज वाटते, पण ती होती. मला त्याच्या डाव्या बाजूला बसायला बरं वाटायला लागलं होतं. दुपारी तो सोफ्यावर पेपर वाचायचा, उजवी पानं तेवढी, आणि मी त्याच्या डावीकडे टेकायचे, हाताच्या अंतरावर. मी तिथे नसायचेच. कुणी काही मागत नव्हतं, चहा टाकतेस का म्हणत नव्हतं, औषधाची वेळ झाली का विचारत नव्हतं. पाय वर घ्यावेत, डोळे मिटावेत, वाटलं तर थोडं रडावं. एकदा मी सफरचंद खाल्लं, चांगलं कचकच आवाज करत, आणि त्यानं नुसता पेपर उलटला. किती वर्षांत मला असा आराम मिळाला नव्हता. रोज ठरवायचे की आता हाक मारायची, डॉक्टरनं सांगितलंय तशी, आणि रोज म्हणायचे, राहू दे, अजून थोडा वेळ. महिने काही थांबले नव्हते. हेही मला कळत होतं.

तसं बघितलं तर डावी बाजू माझी जुनीच जागा. तिपाई लावली की हा उजव्या हातानं स्क्रू फिरवणार, म्हणून पिशवी, छत्री, पाण्याची बाटली आणि बायको हे सगळं डावीकडे. आणि पहिला तुकडा डावा, म्हणून पहिली हकालपट्टी माझीच. तो ओरडायचा, "डावा!" म्हणजे मी मागे व्हायचं, कॅमेऱ्याच्या पाठीशी. मग "मधला!" म्हणजे यायला हरकत नाही, पण सावली सांभाळून. मग "उजवा!" म्हणजे सुटलो. लग्नानंतर पहिल्यांदा गेलो तेव्हा हे मला कुठे माहीत होतं! एका तळ्याच्या काठी मी नवा पिवळा स्वेटर घालून उभी राहिले, केसबीस नीट करून, हा आता माझा फोटो काढणार म्हणून. आणि मागून खेकसला, "अगं ए, फ्रेममध्ये येतेस! बाजूला हो!" मी इतकी दचकले की एक पाय पाण्यात गेला. रात्रभर बोलले नाही. त्याला कारणही कळलं नाही, त्याला वाटलं बूट भिजला म्हणून. पुढे सवय झाली. माणसाला कशाचीही होते. इतक्या डोंगरांवर गेले, इतक्या तळ्यांकाठी थंडीनं काकडले, आणि पुरावा म्हणून माझा एक फोटो नाही. मुलीनं एकदा विचारलं होतं, "आई, तू खरंच जायचीस बाबांबरोबर?"

मग धरणाच्या देखाव्यासाठी आर्किटेक्टचा फोन आला. पाणीखात्याची नवी इमारत तयार होत आली होती, दर्शनी भिंत रिकामी होती. फार सभ्य माणूस. म्हणाला, "सरांची तब्येत आधी. नसेल जमत तर मोकळेपणानं सांगा, आम्ही दुसऱ्या कुणाला तरी विचारू." नवऱ्यानं माझ्या हातातून फोन घेतला, उजव्या कानाला लावला आणि म्हणाला, "न जमायला काय झालंय? या आठवड्यात देतो." फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "कसा देणार आहेस?" "आजवर देत आलो तसा." "तुझे डावे तुकडे येत नाहीत. तुला माहीत आहे." तो खुर्चीत बसला. मग हळू आवाजात म्हणाला, आणि तो आवाज मी कधी ऐकला नव्हता, "मला कळतं गं तुम्ही सगळ्या काय म्हणता ते. त्या पोरीनं मला कागद दाखवला. पण तू म्हणतेस डावीकडे बघ. कुठे बघू? तिथे काही नाहीचये. जे नाही तिथे बघ म्हणतेस." मी त्याच्या डावीकडे उभी होते. तो हे सगळं टेबलावरच्या पाण्याच्या तांब्याला सांगत होता. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तर तो शहारला, कुणीतरी अचानक खोलीत आल्यासारखा. आणि मला स्वच्छ दिसलं की हा देखावा दुसऱ्या कुणी काढला तर हा पुन्हा तिपाई उघडणार नाही. हा खुर्चीत बसेल, नणंद म्हणते तशी फिरवलेल्या, आणि मी उजवीकडून चहा देत राहीन किंवा डावीकडे डोळे मिटून पडेन, आणि मरेपर्यंत आम्ही दोघं असंच एकेकटे राहू. मी म्हटलं, "चल. पण गाडी मी चालवणार."

गाडीत मी त्याच्या उजव्या हाताला बसते, त्यामुळे गाडीत आमचं बरं चालतं. वाटेत तो खुशीत होता. माझ्या गिअर टाकण्याची टिंगल केली, एका वळणावर "अगं, गाडी आहे, खलबत्ता नाही" असं म्हणाला. वर पोचलो तेव्हा ऊन मऊ झालं होतं. खाली पाणी, समोर डोंगर, डावीकडे ती लांब करडी भिंत. त्यानं तिपाई उघडली, पाय रोवले, बुडबुडा मधोमध आणला. हात चुकत नव्हते. डावा जरा जड होता, पण हातांना सगळं पाठ होतं. लेन्सची मान झुकवली, गवत बघितलं, डोंगर बघितला. मी त्याच्या डावीकडे, पिशवीपाशी, श्वास धरून उभी. मनात म्हणत होते, म्हण, डावा म्हण, हाकल मला. तो म्हणाला, "मधला!" फोटो काढला. स्क्रू फिरवला. "उजवा!" फोटो काढला. ताठ झाला, कंबरेवर हात ठेवला आणि समाधानानं म्हणाला, "झालं. चल, प्रकाश काय झकास मिळाला!"

खरं सांगते, क्षणभर वाटलं, हो म्हणावं. हो रे, झालं, छान झालं. डावा तुकडा मीच काढावा, तो गाडीत बसला की. स्क्रू फिरवायला काय अक्कल लागते? घरी शिवून टाकावा आणि बोलू नये कुणाला. इतकी वर्षं गाई पुसल्या, माणसं पुसली, आता हेही. ते सोपं होतं आणि मी फार दमले होते. लाल पट्टी माझ्या खिशात होती, पण दरीला पट्टी चिकटवणार कुठे? मग मला कॅमेऱ्याच्या पिशवीवरचं पावसाचं आवरण दिसलं, लाल भडक, लांबून दिसावी म्हणून तसलं करतात. मी ते ओढून काढलं, खांद्यावरून घेतलं, नाड्या गळ्याशी बांधल्या आणि डावीकडचा उतार उतरायला लागले. माझे गुडघे असे की जिना उतरताना देव आठवतो. दगड सुटे होते. भिंतीच्या बरोबर अलीकडे, जिथे या माणसानं मला जन्मात उभं राहू दिलं नसतं तिथे जाऊन मी वळले आणि वर बघून जीव खाऊन ओरडले, "ए! मी फ्रेममध्ये आहे!"

तो दचकला. उजवीकडे वळला. "कुठायस?" "इथे!" तो आणखी उजवीकडे वळला. तिथे गाडी होती, रस्ता होता. "अगं, कुठायस?" त्याचा आवाज बदलला होता. मी खालून बघत होते, एवढासा माणूस, कॅमेऱ्याला एक हात धरून, सगळीकडे मला शोधत होता आणि माझ्या बाजूला तेवढं बघत नव्हता. घाबरला होता. मला वाटलं, पळत जावं वर, त्याच्या उजवीकडे जाऊन उभं राहावं, म्हणावं इथे आहे रे, इथेच आहे. नणंद गेली असती. मी गेले नाही. मी पुन्हा हाक मारली, माझा आवाज फाटला. "शोध मला! मी येणार नाही, तू शोध!" तो उजवीकडेच वळत राहिला. कॅमेऱ्यावरचा हात सुटला. पाय घासत, अडखळत, रस्त्यावरून, मागच्या चढावरून, झाडांवरून तो वळत वळत गेला, पाठमोरा झाला, त्याचा पांढरा शर्ट तेवढा दिसला, आणि तरी तो थांबला नाही. सगळा गोल पुरा करत आला. आणि मग त्याची मान थांबली.

तो नुसता बघत राहिला. मला वाटलं, लाल दिसलं, मी नाही दिसले. मी हात वर केला. वाऱ्यानं ते आवरण फडफडत होतं, नाक गळत होतं, केसांचा अवतार झाला होता. आणि वरून खेकसणं आलं, अस्सल, पहिल्या तळ्याकाठचं, "अगं ए! फ्रेममध्ये येतेस! बाजूला हो!"

मला हसू फुटलं आणि त्यातच रडू. तीस वर्षं ज्याचं उत्तर मनातल्या मनात देत होते ते तोंडानं दिलं. "नाही होत जा!" तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "भिंत झाकतेयस!" "झाकू दे!" "आणि ते काय लाल घातलंयस, भूत!" असं म्हणून तो कॅमेऱ्याकडे वळला, आणि मला भीती वाटली की वळताच मी पुन्हा गेले, संपलं. तो वाकला. बराच वेळ तसाच राहिला. पुन्हा मान वर करून त्यानं मला शोधलं, या वेळी अर्धाच गोल घेऊन, पुन्हा वाकला. मग त्याचा उजवा कोपर बाहेर आला. उजव्या तुकड्याला तो कोपर अंगाशी घेतो आणि डाव्याला बाहेर काढतो, ते मला किती लांबूनही कळतं. घरी गेल्यावर मला पुसायचं की ठेवायचं, ते शिवणारी ठरवेल. पाणीखात्याला काय सांगायचं, तेही तीच बघेल.

"डावा!" तो वरून ओरडला. मी हलले नाही.